डॅशबोर्ड झाला, आता फोन ऐका

सरकारी खात्यात ‘डेटा’च्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझी सुरुवात डॅशबोर्डपासून, म्हणजे खात्याचे आकडे एका पडद्यावर दाखवणाऱ्या फलकापासून झाली. आलेले अर्ज, निकाली अर्ज, लागलेले सरासरी दिवस, सगळं चकचकीत. वरिष्ठ खूश, मीही खूश. मग एकदा हेल्पलाइनवर माणूस कमी पडला म्हणून मला दिवसभर तिथे बसवलं, आणि तिथे माझा पहिला खरा अभ्यास झाला.

एका बाईंनी विचारलं, “तुमच्या साइटवर सरासरी अकरा दिवस लिहिलंय. मला दोन महिने झाले. माझा अर्ज हरवला का?”

अर्ज हरवलेला नव्हता. आमची सरासरीच फसवी होती. समजा दहा अर्ज आहेत. नऊ अर्ज पाच-पाच दिवसांत झाले आणि एकाला पासष्ट दिवस लागले, तर सरासरी येते अकरा. गंमत अशी की अकरा दिवस त्या दहांपैकी कुणालाच लागलेले नसतात! नऊ जणांना उगाच धास्ती आणि दहाव्याला खोटा दिलासा. त्याऐवजी ‘दहापैकी नऊ अर्ज पाच दिवसांत होतात; कागद पुन्हा तपासावे लागले तर दोन महिनेही लागू शकतात’ असं लिहिलं असतं, तर बाईंना फोनच करावा लागला नसता. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा (इथे पाच), शाळेत सगळेच शिकतात. कामावर मात्र हात आपोआप सरासरीच्या सूत्राकडे जातो.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट कळली. ‘निकाली’ या आमच्या लाडक्या शब्दात नामंजूर अर्जही धरलेले होते. फाइल बंद झाली की आमच्या लेखी काम झालं. लोक मात्र ‘निकाली’ वाचून ‘मंजूर’ समजत होते. आकडा बरोबर असूनही मजकूर दिशाभूल करणारा असू शकतो, हे मला कुठल्याही कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून नवख्यांना माझा पहिला सल्ला: सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी हेल्पलाइनच्या नोंदी वाचा. साइटच्या सर्चमध्ये लोक काय टाइप करतात, फॉर्म कुठल्या रकान्यापाशी अर्धवट सोडतात, कोणती त्रुटी काढून अर्ज सर्वाधिक परत जातात, हाही डेटाच आहे, आणि बहुतेक खात्यांत तो धूळ खात पडलेला असतो. लोकांशी काय बोलायचं हे तिथून ठरवावं. आपण मात्र आपल्याकडे जे तक्ते तयार आहेत तेच पुढे सरकवतो.

धोक्याची सूचना द्यायची असेल तर आणखी जपून. ब्रिटनमधलं १९९५चं उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठीचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ खरंच होतं. पण आधी साधारण ७,००० बायकांमागे एकीला असलेला धोका आता दोघींना होता, एवढाच त्याचा अर्थ. घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात वाढल्याचा अंदाज आहे. मूळ संख्या न सांगता ‘दुप्पट’, ‘पन्नास टक्क्यांनी घट’ असं काही लिहून आलं, की मी मसुदा परत पाठवतो.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्सचं. १९९७च्या वसंतात रेड नदीचं पाणी ४९ फुटांपर्यंत चढेल असा हवामान खात्याचा अंदाज होता. बंधारे त्याहून दोन-तीन फूट उंच. लोक निर्धास्त राहिले. पाणी ५४ फुटांवर गेलं आणि जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं. असे अंदाज काही फुटांनी चुकतात, हे तज्ज्ञांना ठाऊक होतं. लोकांपर्यंत मात्र एकच ठाम आकडा पोचला. ‘अनिश्चितता सांगितली तर लोक गोंधळतील’ हे वाक्य तुम्हाला बैठकीत हमखास ऐकू येईल. तेव्हा हे ४९ आणि ५४ टेबलावर ठेवा. वाद घालत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. साधारण बारा पुरुषांमागे एकाला रंग ओळखण्यात अडचण असते, तेव्हा फक्त लाल-हिरव्यावर नकाशा उभा करू नका. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून. ज्यातले आकडे उचलून वापरता येत नाहीत असा स्कॅन केलेला पीडीएफ टाकून ‘डेटा खुला केला’ म्हणू नका. तारीख लिहा. तक्ता दुरुस्त केलात तर काय आणि कधी बदललं ते त्याच पानावर लिहा. गुपचूप बदललेला आकडा कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमध्ये जिवंत असतोच.

सर्वांत अवघड काम वाईट आकडा बाहेर काढण्याचं. तक्रारी वाढल्या की फाइलवर शेरा येतो, ‘तूर्त प्रसिद्ध करू नये’. मी सुरुवातीला तत्त्वाचं भांडण करायचो आणि हरायचो. आता टिप्पणीत तीन ओळी जोडतो: तक्रारी का वाढल्या, आपण काय करतोय, पुढचा आकडा कधी देणार. कारणासकट आलेल्या आकड्यावर सही व्हायला कमी वेळ लागतो. दरवेळी होतेच असं नाही.

आणखी एक, कोणताही मसुदा खात्याबाहेरच्या पाच जणांना वाचायला द्या. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘हे वाचून तुम्ही आता काय कराल?’ असं विचारा आणि गप्प बसा.

अर्जाच्या स्थितीचा मजकूर आम्ही असाच चार वेळा बदलला. ‘प्रक्रियेत’ काढून ‘अर्ज तपासणीसाठी मिळाला आहे, तुम्हाला सध्या काही करायचं नाही’ असं लिहिलं. महिन्याभराने मी पुन्हा हेल्पलाइनच्या नोंदी उघडल्या. फोन येतच होते, पण ‘माझा अर्ज कुठे आहे’ विचारणारे विरळ झाले होते. आता लोक विचारत होते, ‘नामंजूर का केला?’ त्याचं उत्तर आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. सध्या त्या रकान्यावर काम चालू आहे.