देशातला रिसायकल मालाचा वापर मोजताना या चुका टाळा

युरोस्टॅटच्या (युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या) हिशोबात २०२३ साली नेदरलँड्सचा रिसायकल मालाच्या वापराचा दर ३०.६ टक्के होता, रोमानियाचा १.३ टक्के आणि सगळ्या युरोपीय संघाचा ११.८ टक्के. हे आकडे पाहून 'युरोपात जेमतेम बारा टक्के कचरा रिसायकल होतो' असं लिहिणारे पुष्कळ आहेत. सगळ्यात मोठी चूक हीच. कचऱ्याचं पुढे काय झालं, हे हा दर सांगतच नाही. देशानं वर्षभरात जेवढा माल वापरला, त्यातला किती हिस्सा कचऱ्यातून परत आला, एवढंच तो सांगतो. तिथल्या नागरी कचऱ्यापैकी जवळपास निम्मा रिसायकल होतो, तरी हा दर बाराच्या आसपास राहतो, कारण नव्या मालाची भूक फार मोठी आहे.

दुसरी गफलत छेदात होते. समजा, देशाचा मालवापर (देशातलं उत्खनन आणि पीक, अधिक आयात, वजा निर्यात) ९ कोटी टन आहे आणि रिसायकल झालेला माल १ कोटी टन. बरेच जण १ ला ९ नं भागतात आणि ११.१ टक्के काढतात. पण रिसायकल मालही वापरलाच गेला, म्हणून तो छेदातही मिळवायचा. १ भागिले १०, म्हणजे १० टक्के.

अंशातला तो १ कोटी टन तरी कुठून आला? कारखान्यांनी १.४ कोटी टन कचरा रिसायकल केला, त्यातला ०.६ कोटी टन बाहेरून आणलेला, आणि ०.२ कोटी टन देशातून रिसायकलिंगसाठी बाहेर गेलेला. युरोस्टॅट आयात वजा करतं आणि निर्यात मिळवतं. श्रेय कचरा गोळा करणाऱ्या देशाला जातं, भट्टी कुठेही असो. चिन्हं उलटी पडली की अंश १.८ कोटी टन होतो आणि उत्तर १० टक्क्यांऐवजी थेट १६.७ टक्क्यांपर्यंत फुगतं. जाळून वीज केलेला किंवा खड्डे भरायला वापरलेला कचरा मात्र अंशात धरायचा नाही.

दर १०० टक्क्यांपर्यंत जाईल, ही आशाही सोडा. छेदात जाळलेला कोळसा आहे, खाल्लेलं धान्य आहे, पुढची पन्नास वर्षं इमारतीत अडकणारी वाळू-खडी आहे. शिवाय सगळं वजनात मोजलं जातं, त्यामुळे खडीपुढे तांबं दिसतच नाही. म्हणून गटवार दर पाहा: युरोपीय संघात धातूंचा साधारण पाव, जीवाश्म इंधनांचा तीन टक्क्यांच्या आसपास.

दर वाढला की आधी छेद तपासा. बांधकाम मंदावलं तरी तो वाढतो. आणि तुमचा आकडा जुन्या अहवालाशी जुळत नसेल, तर घाबरू नका. युरोपीय संघात कचऱ्याची आकडेवारी सम वर्षांचीच गोळा होते, मधली वर्षं अंदाजानं भरली जातात आणि मागचे आकडेही सुधारले जातात. तुलना नेहमी एकाच वेळी उतरवलेल्या तक्त्यातूनच करा.

आपल्याकडे हा हिशोब करायचा तर अंश अवघड जाईल. धारावीतल्या गाळ्यांत दळलं जाणारं प्लॅस्टिक, भंगारवाल्यानं गल्लोगल्ली फिरून उचललेलं लोखंड, रद्दीचे गठ्ठे, हे सगळं सरकारी नोंदीत पूर्ण उतरत नाही. फक्त महापालिकेचे आकडे घेतले, तर ज्यांनी हे काम पिढ्यान् पिढ्या केलं त्यांचेच टन हिशोबातून गळतात. आधी भंगाराच्या दुकानांतली वजनं मिळवा, मग भागाकाराला बसा.