तोंडाच्या कर्करोगात आयुर्वेदाचा आधार कधी आणि कसा घ्यावा

बायोप्सीचा अहवाल घेऊन नातेवाईक माझ्या दवाखान्यात येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: वैद्यबुवा, ऑपरेशन टाळून आयुर्वेदाने हे बरे होईल का? याचे उत्तर मी स्पष्टपणे ‘नाही’ असेच देतो. केवळ आयुर्वेदिक औषधांनी तोंडाचा कर्करोग बरा होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही, आणि त्या आशेवर घालवलेल्या दोन-तीन महिन्यांत, जी गाठ छोट्या शस्त्रक्रियेने निघाली असती ती जबड्याच्या हाडापर्यंत किंवा मानेच्या गाठींपर्यंत पोहोचू शकते. मात्र मूळ उपचार चालू असताना तोंडाची आग कमी करणे, अन्न पोटात जाईल असे पाहणे आणि नंतर तोंड पुन्हा कामाचे करणे, यांत आयुर्वेदाचा खरा उपयोग होतो. तो कसा करून घ्यावा, हे पुढे सांगत आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे आयुर्वेदाच्या विरुद्ध काही, हा समज आधी दूर करायला हवा. सुश्रुतसंहितेत ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, घसा आणि संपूर्ण मुख अशा सात ठिकाणांचे ६५ मुखरोग सांगितले आहेत. अर्बुदाचे, म्हणजे वाढत जाणाऱ्या गाठीचे, वर्णन करताना मांसार्बुद आणि रक्तार्बुद असाध्य मानले आहेत, आणि एका अर्बुदावर दुसरे उठते त्याला अध्यर्बुद म्हटले आहे. चिकित्सेत तर सुश्रुत बजावतात की अर्बुद काढायचे ते निःशेष काढावे, कारण थोडे जरी शिल्लक राहिले तरी ते उरलेल्या विस्तवासारखे पुन्हा पेटते. आजचा शल्यचिकित्सक गाठीभोवतीचा निरोगी भागही थोडा कापून घेतो आणि कडा स्वच्छ आहेत का हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो, तेव्हा तो याच सूत्राचे पालन करत असतो. “शस्त्र लावू नका” असे सांगणाऱ्या वैद्याने सुश्रुत नीट वाचलेला नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी निदानाची. तोंडातली जखम १५ दिवसांत भरली नाही, गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा अथवा लाल चट्टा दिसला, दात कारण नसताना हलू लागला, मानेत कडक गाठ लागली किंवा तोंडात तीन बोटे उभी जाईनाशी झाली, तर वाट पाहू नये. मावा आणि सुपारी खाणाऱ्यांमध्ये गालाच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासे होते, आणि तिथे पुढे कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो. सुपारी एकटीही, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक ठरलेली आहे. आपल्याकडे आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते ते बायकांच्या मिश्रीकडे. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागाच्या घरांतल्या कितीतरी मावशी “मी तंबाखू खात नाही” असे मनापासून सांगतात आणि दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. म्हणून प्रश्न विचारताना मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे.

अशी जखम दिसली की तिच्यावर क्षार, चुना, लवंगेचे तेल किंवा कुठलाही लेप लावू नये. त्याने जखमेचे रूप बदलते आणि निदान अवघड होते. सुईने किंवा तुकडा काढून तपासल्याने आजार पसरतो ही भीतीही मनातून काढून टाकावी. सोलापूरच्या सरकारी सर्वोपचार रुग्णालयात तपासणीची सोय आहे, आणि जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते, तेव्हा या आजाराचा अनुभव आपल्या जिल्ह्याला नवा नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी विचारावे. शिधापत्रिका आणि आधार सोबत न्यावे.

उपचार ठरले की घरात चालू असलेल्या प्रत्येक चूर्णाची, काढ्याची आणि गोळीची यादी कर्करोगतज्ज्ञाला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्या कधी बंद करायच्या हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. स्वयंपाकातल्या चिमूटभर हळदीबद्दल मात्र कोणी घाबरू नये. किरणोपचारापूर्वी दंतवैद्याकडून खराब दात काढून घेणे तर अत्यावश्यक आहे, कारण किरणोपचारानंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका राहतो.

आता आयुर्वेदाचा सर्वांत उपयोगी भाग. किरणोपचार साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटून निघते. याच काळात रुग्ण जेवण सोडतो आणि वैतागून उपचारही अर्धवट टाकतो. तोंड स्वच्छ ठेवणे हा पाया आहे: पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दर दोन-तीन तासांनी चूळ भरावी. त्याच्या जोडीला ज्येष्ठमधाचा रोपण कवल, म्हणजे जखम भरून येण्यासाठी काढा तोंडात फिरवणे, घेता येतो. ज्येष्ठमधाची भरड दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, दोन कप पाण्यात मंद आचेवर निम्मे पाणी उरेपर्यंत उकळावी, दाट सुती फडक्यातून दोनदा गाळावी आणि पूर्ण गार होऊ द्यावी. फडक्यातून सुटलेला एखादा तंतूही सोललेल्या तोंडात काट्यासारखा बोचतो, म्हणून दुसरे गाळणे टाळू नये. घोटभर काढा तोंडात घेऊन एक-दोन मिनिटे हळू फिरवावा आणि थुंकून टाकावा. दिवसातून चार वेळा, रोज ताजा करून. ज्येष्ठमध आणि मध यांच्या अशा वापराने किरणोपचारातल्या जखमांची तीव्रता कमी होते असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे, इतकाच त्याचा दावा. मध लावायचा असल्यास मधुमेह नसल्याची खात्री करून घ्यावी आणि नंतर चूळ भरावी, कारण कोरड्या तोंडात दात लवकर किडतात.

ग्रंथांत गंडूष म्हणजे तोंड भरून औषध न हलवता, नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत धरून ठेवणे, आणि कवल म्हणजे थोडे घेऊन फिरवणे. किरणोपचार चालू असताना कवलच घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर टाके ओले असताना किंवा गालावर दुसरीकडची त्वचा बसवलेली असताना शल्यचिकित्सकांनी होकार दिल्याशिवाय दोन्हीही करू नये, आणि गिळताना ठसका लागत असेल तर तोंडात द्रव धरून ठेवणे धोक्याचे आहे. त्रिफळ्याचा काढा तुरट असल्याने उघड्या जखमेला झोंबतो. कापूर, पुदिन्याचा अर्क आणि तिखट दंतमंजने या काळात बंद ठेवावीत. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो, त्याला डॉक्टरांचे औषधच लागते. फुटलेल्या ओठांवर गाईचे तूप लावावे, परंतु किरण घ्यायला जाण्यापूर्वी लगेच लावू नये. मानेच्या भाजलेल्या त्वचेवर हळदीचा लेप तर नकोच.

पोटातून द्यायच्या औषधांबाबत माझा सल्ला कमीत कमी औषधांचा आहे. काही केमोथेरपीची औषधे मूत्रपिंडावर ताण देतात. त्या काळात पारा, शिसे किंवा ताम्र असलेली भस्मे देणे मला मान्य नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यावर वाद झाला, तरी केमो चालू असताना स्वतःच्या मनाने गुळवेल घेऊ नये हे निश्चित. ज्येष्ठमधही चूळ भरून थुंकणे वेगळे आणि महिनोन्‌महिने पिणे वेगळे, कारण पोटात गेल्यावर ते रक्तदाब वाढवते आणि शरीरातले पोटॅशियम घटवते. तोंडासाठी सर्रास चघळल्या जाणाऱ्या खदिरादि वटीच्या प्रचलित पाठात सुपारीही असते. ज्याला सुपारीने हा आजार दिला त्याच्या हातात पुन्हा तीच द्यायची का, याचा विचार लेबल वाचून करावा.

आहारात पथ्याच्या नावाखाली रुग्णाला उपाशी ठेवू नये, हे मी हात जोडून सांगतो. दूध बंद, अंडे बंद, गोड बंद अशी यादी देणाऱ्यांमुळे आठ-दहा किलो वजन उतरलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि वजन घटले की जखम भरत नाही, किरणोपचार सोसत नाहीत. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी या काळात बाजूला ठेवावी लागेल, पण ज्वारी सोडायचे कारण नाही: ज्वारीच्या पिठाची पातळ, आंबट नसलेली आंबील दूध आणि तूप घालून गार करून द्यावी. मुगाची मऊ खिचडी, भरपूर तूप घातलेले वरण, नाचणीचे सत्त्व, शेंगदाण्याचे बारीक वाटून केलेले दूध, अंडी खाणाऱ्यांना मऊ उकडलेले अंडे, असे थोडे थोडे दिवसातून सहा-सात वेळा द्यावे. नाकात नळी असेल तर आहारतज्ज्ञांनी सांगितलेलेच द्यावे, नळीतून काढे मुळीच सोडू नयेत.

उपचार संपल्यावर जखमा पूर्ण भरल्या की कोमट तीळतेलाचा गंडूष सकाळी पाच मिनिटे घेता येतो. कोरडेपणाला त्याने आराम वाटतो. तोंड उघडण्याचा व्यायाम मात्र त्याहून महत्त्वाचा आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धराव्यात आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने दर काही दिवसांनी एक काडी वाढवावी. आकसलेला जबडा कुठल्याही तेलाने आपोआप सुटत नाही.

तंबाखू, मावा, मिश्री आणि विडी निदान झाले त्याच दिवशी बंद करावी. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा विनाशुल्क क्रमांक आहे. तल्लफ आल्यावर भाजलेली बडीशेप चालते, पण तोंड सोललेले असताना गार पाण्याचा घोटच बरा.

वैद्य निवडताना त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी मागावी. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून हमी देणारा, नाव नसलेल्या पुड्या देणारा आणि रुग्णालयाचे उपचार थांबवा म्हणणारा माणूस समोर आला तर तिथून उठावे. रुग्णालयाच्या तपासण्या पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी असतात. त्यांच्या तारखा आणि चालू औषधे एकाच वहीत लिहून ती वही दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवत जावी, आणि दोन तारखांच्या मध्ये नवा चट्टा किंवा गाठ दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात जावे.