कुंभार्ली घाटातून एकटीने चिपळूणला

पुण्याहून मैत्रिणीकडे चिपळूणला जाताना मी उंब्रजला महामार्ग सोडते. पुढे मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. पहाटेच निघा. टायरची हवा, स्टेपनी आदल्या दिवशी बघा, पेट्रोल पाटणलाच भरा. कोयनानगरला चहा घेऊन हातपाय मोकळे करा, कारण हेळवाक मागे पडलं की घाट आलाच.

उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, फार तर तिसऱ्या. न्यूट्रल कधीच नाही. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. (समोरून एसटी आली तर नियम आठवत बसू नका, सरळ बाजूला व्हा.) पावसाळ्यात धुकं थेट बोनेटवर येऊन बसतं. तेव्हा अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) लावलात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. डिपरवर (खालच्या झोतावर) राहा, वळणावर हॉर्न द्या. दरी कितीही सुंदर दिसो, फोटोसाठी वळणावर थांबायचं नाही.

घाटात रेंजचा भरवसा नाही. म्हणून कोयनानगरहूनच मैत्रिणीला फोन करून सांगा, "पोफळीला उतरले की कळवते, आंबोळ्या तेव्हाच टाक."