टेंडनचा पेशंट आला की मशीन लावायच्या आधी एवढं वाचा

फिजिओची इंटर्नशिप नुकतीच सुरू झालेल्या पोरापोरींसाठी लिहितेय. ॲनाटॉमी तुम्हाला येते, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. ऑर्थोच्या ओपीडीतून केसपेपरवर 'टेंडिनायटिस', म्हणजे टेंडनची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची) सूज, एवढंच लिहून पेशंट येतो, आपल्याकडे शेक, अल्ट्रासाउंड, आयएफटी (दुखऱ्या जागी सौम्य करंट देणारं मशीन), दहा दिवस येत जा, आणि दहा दिवसांत त्याला बरं वाटतंही, कारण तेवढे दिवस त्याने पळणंच बंद केलेलं असतं. मग ग्राउंडवर गेला की आठवड्याभरात परत तीच टाच दुखायला लागते. आराम केला की दुखणं कमी होतं, टेंडनची ताकद मात्र आणखी घटते. हे पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्कं ठेवा.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ती पोलीस भरतीची मुलं. वर्षभर मध्यम तयारी चाललेली असते आणि जाहिरात निघाली की 1600 मीटरसाठी पहाटे डांबरी रोडवर रोज दुप्पट पळणं सुरू. टेंडन बहुतेक वेळा असाच बिघडतो, भार एकदम वाढला म्हणून. घरातल्या बायकांचं कोपर असंच जातं, लग्नसराईचा स्वयंपाक आणि धुणं पिळणं एकाच आठवड्यात आलं की. बाळंतिणीचं मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखतं ते बाळ पुन्हा पुन्हा उचलून. म्हणून हिस्टरी घेताना 'कधीपासून दुखतंय' यावर थांबू नका, त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत काय बदललं ते खोदून विचारा. आणि स्नायूसारखी घाई इथे चालत नाही. अकिलीसच्या, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या टेंडनच्या, गाभ्यातलं कोलॅजेन (त्याचे मुख्य धागे) साधारण 17 व्या वर्षानंतर जवळजवळ बदलत नाही असं 2013 च्या एका डॅनिश अभ्यासात दिसलंय, तर दहा दिवसांच्या शेकाने तिथे काय होणार?

आता ज्या गोष्टीत मी इंटर्न असताना पुरती अडकले होते ती नीट सांगते, लांबलं तरी वाचा.

अकिलीस म्हटलं की सगळे एकच व्यायाम देतात. पायरीच्या कडेवर चवडे, टाच हवेत, दुसऱ्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायावर सावकाश टाच पायरीच्या खाली सोडायची. 15 चे 3 सेट, एकदा गुडघा सरळ, एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. 1998 मध्ये अल्फ्रेडसन या स्वीडिश डॉक्टरने हे मांडलं आणि ते खरंच उत्तम आहे, पण टेंडनच्या मधल्या भागासाठी, म्हणजे हाडाला चिकटतो तिथून साधारण 2 ते 6 सेंटीमीटर वर. टेंडन जिथे टाचेच्या हाडाला चिकटतो तिथेच दुखत असेल तर हाच व्यायाम त्रास वाढवू शकतो, कारण टाच खाली गेली की टेंडन हाडावर दाबला जातो, आणि हा दाबच तिथलं मुख्य दुखणं आहे. 2003 च्या अभ्यासात याच व्यायामाने मधल्या भागाचे 89 टक्के पेशंट समाधानी होते, हाडाजवळचे फक्त 32 टक्के. 2008 मध्ये टाच जमिनीच्या पातळीखाली जाऊच दिली नाही तेव्हा हाडाजवळच्यांपैकी 67 टक्के समाधानी झाले. नुसती पायरी काढली!

म्हणून पेशंटला आधी सांगा, एका बोटाने दाखवा. पंजाने सगळी पोटरी दाखवली तर परत विचारा. बोट हाडावर टेकलं तर पायरी नको, सपाट जमिनीवर टाचा उचलणं, बुटात छोटा हील पॅड, आणि पोटरीचं स्ट्रेचिंग बंद. हो, स्ट्रेचिंग बंद, कारण त्यातही तोच दाब येतो. उकिडवं बसताना टाच जमिनीला टेकवली की तेच होतं, त्यामुळे काही दिवस कमोड वापरायला सांगा, नाहीतर सकाळी संडासात आणि दुपारी भांडी घासताना तो टेंडन दाबला जातच राहणार आणि तुमचा व्यायाम फुकट जाणार.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर पेशंट घाबरतो, सुरुवातीला तुम्हीही घाबराल. घाबरू नका. दहापैकी पाचपर्यंत दुखणं चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर यायला हवं. सकाळची पहिली दहा-वीस पावलं कशी गेली ते रोज विचारा. कडकपणा वाढला असेल तर भार कमी करा, व्यायाम बंद करू नका.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल माझं मत कडक आहे. टेनिस एल्बोच्या (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या टेंडनच्या दुखण्याच्या) 2013 च्या ऑस्ट्रेलियन ट्रायलमध्ये वर्षभरात दुखणं बरं होऊन परत आलं ते स्टिरॉइडवाल्यांपैकी 54 टक्क्यांचं आणि खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 12 टक्क्यांचं. भरती पंधरा दिवसांवर आली म्हणून मुलगा इंजेक्शन मागतो, त्याचं कळतं मला, घरची परिस्थिती माहीत असते, तरी अकिलीसला ते नकोच म्हणून समजावते. वीकेंडच्या टेपिंग कोर्सवर पैसे घालायच्या आधी असा सीनियर शोधा जो पेशंटला चवड्यावर उभं करून दोन्ही पायांचे रिपीटिशन्स मोजतो. नुसतं मशीनचं सेटिंग शिकवणाऱ्याच्या हाताखाली वर्ष काढलंत तरी टेंडन कळणार नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथे चूक अजिबात चालत नाही. 'मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं' असं कुणी म्हणालं की पालथं झोपवून पोटरी दाबा. पाऊल हललं नाही तर टेंडन तुटलाय असं धरा आणि त्याच दिवशी ऑर्थोकडे पाठवा. चालता येतंय, चवडा थोडा खाली दाबता येतोय यावर जाऊ नका, बाकीचे स्नायू तेवढं करतात. अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का तेही विचारा, या गोळ्यांनी टेंडन तुटायचा धोका वाढतो आणि साठीच्या पुढे, स्टिरॉइड चालू असताना तर जास्तच.

पहिल्याच दिवशी तीन महिने लागतील असं स्पष्ट सांगा. काही पेशंट परत येणार नाहीत, त्याने खचू नका. जे येतील त्यांच्या केसपेपरवर बोट कुठे टेकलं, एका पायावर किती वेळा टाच उचलली आणि सकाळचा कडकपणा किती मिनिटं, एवढं दर आठवड्याला लिहा.