व्यालेली म्हैस माजावर येईना: प्रोजेस्टेरॉन तपासणीचा उपयोग

आमची पंढरपुरी म्हैस (करवीर तालुका) व्याल्यावर माजच दाखवेना. जंताचं औषध, खनिज मिश्रण, मोड आलेली मटकी, काहीच लागू पडेना. जीव नुसता मेटाकुटीला आला.

शेवटी डॉक्टरांनी आधी ती गाभण नसल्याची खात्री केली. हे टाळू नका, पुढच्या इंजेक्शननं गाभ पडतो. मग रक्त घेतलं, १० दिवसांनी पुन्हा. पहिल्या नमुन्यात प्रोजेस्टेरॉन (अंडं सुटल्यावर अंडाशयात वाढणारं संप्रेरक) १ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली, दुसऱ्यात बरंच वर. म्हणजे अंडाशय चालू, माज मुका, येतो पण लक्षणं दिसत नाहीत. दोन्ही कमी आले असते तर उपचारच वेगळा.

पातळी वर असतानाच प्रोस्टाग्लँडिन (ही पातळी उतरवून माजावर आणणारं इंजेक्शन) टोचलं. तिसऱ्या दिवसापासून पहाटे आणि रात्री पाळत ठेवली, कारण म्हशीचा माज तेव्हाच जास्त दिसतो. सोट (माजातला चिकट, पारदर्शक स्राव) दिसल्यावर बारा तासांनी रेतन केलं. गाभण ठरली.