दगड वाचला म्हणजे नोंद सापडली असं नाही: गोव्याच्या सिमिटरीत पूर्वज शोधताना या चुका टाळा

गावच्या सिमिटरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, पणजोबा-खापरपणजोबा शोधायला येणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. कुणाला वंशावळ पुरी करायची असते, तर कुणी १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्या आजी-आजोबांच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्वाची कागदपत्रं जमवत असतो. मोबाईलवर फोटो काढायचे आणि तासाभरात गाडीत बसायचं, असा बहुतेकांचा खाक्या. मग एक चुकीची तारीख वर्षानुवर्षं नात्यागोत्यात फिरत राहते. ज्या माणसाचं नाव आपण लावतो, त्याच्या मरणाची तारीख तरी धडपणे लिहावी, एवढं त्याचं देणं आपण लागतो.

सगळ्यात जास्त घात करते ती महिन्याची खूण. जुन्या पोर्तुगीज लेखांत सातचा आकडा आणि त्याला चिकटून बारीक ‘ब्रो’ (bro) कोरलेलं असतं. हा सप्टेंबर, जुलै नव्हे. आठला ‘ब्रो’ जोडला की ऑक्टोबर, नवाला जोडला की नोव्हेंबर, आणि रोमन दहाच्या फुलीपुढे असला की डिसेंबर. वर्ष मार्चपासून मोजायच्या जुन्या रोमन पद्धतीतून हे आलं आहे. चर्चच्या मृत्यूनोंदींच्या पुस्तकांतही हीच खूण भेटते.

मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी बार्देशातल्या एका थडग्यावरून ‘जुलै’ टिपून घेतला. पुस्तकात जुलै चाळला, नाव नाही. जून पाहिला, ऑगस्ट पाहिला, तरी नाही. पानांना वाळवीची भोकं होतीच, तेव्हा नोंद नष्ट झाली असं त्यांनी तिथूनच फोन करून घरी कळवून टाकलं. फोन संपेपर्यंत मी काही पानं पुढे उलटली. सप्टेंबरात नाव होतं, वडिलांचं नाव होतं, वाडा म्हणजे गावातली वस्ती होती, शेवटचे संस्कार मिळाल्याचा उल्लेखही होता. शाई अजून काळीभोर. एवढी चांगली नोंद ‘नष्ट’ म्हणून त्या घरात कायमची नोंदली गेली असती, केवळ पुढची पानं उलटायचा कंटाळा म्हणून! मी दगडावरचं जसंच्या तसं वहीत उतरवतो, आकडा आकड्यासारखा, अर्धं अक्षर अर्धंच. अर्थ लावायचं काम घरी. फोटो जरूर काढा, पण हातानं उतरवताना नजर जिथे अडते, तिथे फोटो काढणारा अडत नाही.

दुसरी चूक म्हणजे एक थडगं, एक माणूस असं धरून चालणं. आपल्याकडे साधी थडगी काही वर्षांनी पुन्हा उघडतात. आधीच्या अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक अस्थिकोठीत ठेवतात आणि त्याच जागी दुसऱ्याला पुरतात. कायमची जागा एखाद्या कुटुंबानं घेतलेली असते, आणि दगडावर ‘अमक्याचं व त्याच्या वारसांचं थडगं’ अशा अर्थाचा पोर्तुगीज मजकूर असतो. ते नाव जागेच्या मालकाचं. खाली कोण कोण आहे, हे दगड सांगत नाही. कोनाड्यावरची तारीख मृत्यूची आहे की अस्थी तिथे ठेवल्याची, हेही पुस्तकाशी ताडून पाहावं लागतं. मोठ्या कुटुंबांत एकच नाव आजोबाचं आणि नातवाचंही असतं, तेव्हा वडिलांचं नाव आणि वाडा जुळल्याशिवाय मी कुणालाही वंशावळीत घेत नाही. घराण्याचं टोपणनाव गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ते ना दगडावर असतं ना बहुधा पुस्तकात, पण माणूस त्यानंच ओळखला जायचा.

अठराव्या शतकातला पूर्वज सिमिटरीत शोधू नका. चर्चच्या आत पुरण्यावर पोर्तुगालनं १८३५ मध्ये बंदी घातली. गावोगावच्या सिमिटऱ्या साधारण त्यानंतरच्या. त्याआधी माणसं चर्चच्या जमिनीखाली जायची. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये तर आपण कोरीव थडग्यांच्या फरशीवरूनच चालतो.

नावांचं लेखन १९११ च्या पोर्तुगीज शुद्धलेखन-सुधारणेनंतर बदललं. एकाच नावाची जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपं शोधा.

१९१४ नंतरचा मृत्यू असेल तर चर्चइतकंच तालुक्याचं सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालय महत्त्वाचं. त्याआधीच्या पुस्तकांसाठी विगाराला, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीला, भेटा आणि पणजीच्या पुराभिलेखागारातही चौकशी करा.

तारेचा ब्रश, ॲसिड, खडू, पीठ यांतलं काहीही दगडाला लावू नका. जांभा आधीच पावसानं सुटलेला असतो, एका घासणीत अक्षर जातं. साधं पाणी, मऊ कुंचला आणि सकाळचं तिरपं ऊन पुरतं. ऊन नसेल तर बाजूनं टॉर्च धरा.

आणि नव्यानं रंगवलेल्या अक्षरांवर विसंबू नका. २ नोव्हेंबरच्या अल्मांच्या दिसाआधी, म्हणजे मृतात्म्यांच्या स्मरणदिनाआधी, सगळीकडे साफसफाई आणि रंगकाम निघतं. दशकाच्या जागच्या झिजलेल्या तीनचा रंगारी सहज आठ करतो आणि माणूस पन्नास वर्षांनी पुढे सरकतो. रंगाखालची कोर बोटानं चाचपा. तीन असेल तर डावी बाजू सपाट लागते, आठ असेल तर खाच पूर्ण फिरते. तरीही ठरत नसेल तर दोन्ही वर्षं लिहा आणि पुस्तकात दोन्ही शोधा.