माइनक्राफ्टमध्ये मॉब नको तिथे येतात, हवे तिथे येत नाहीत? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी भाचे-पुतणे मिळून सहा पोट्टे जमतात. सगळ्यांना माइनक्राफ्टचं वेड. हा ठोकळ्यांचा, म्हणजे ब्लॉकांचा, गेम; त्यात आपोआप जन्मणारे जीव म्हणजे मॉब. दरवर्षी गाऱ्हाणी दोनच. "मामा, घरात क्रीपर कुठून आला?" नाहीतर, "मामा, फार्म बांधला, पण काहीच पडून नाही राह्यलं." क्रीपर म्हणजे जवळ येऊन फुटणारा राक्षस, आणि फार्म म्हणजे मॉब आपोआप मारून त्यांचा माल गोळा करायची सोय. उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे कॉम्प्युटरवाल्याचा व्हिडिओ पाहून मोबाईलवर फार्म बांधणं. कॉम्प्युटरवर बहुतेक जण जावा आवृत्ती खेळतात, मोबाईलवर असते ती बेडरॉक. दिसायला सख्खी भावंडं, स्वभाव वेगळे. मागच्या मे महिन्यात बाहेर पाय टाकायची सोय नव्हती, तेव्हा मोठ्या भाच्यानं आणि मी आठ दिवस कॉबलस्टोन फोडला. जमिनीपासून 60 ब्लॉक वर काळोखी खोली, मधून मॉब खाली पडायला धुराडं, तळाशी पडलेला माल ओढणारा हॉपर आणि पेटी. सगळं व्हिडिओत होतं तसंच. पेटीपाशी उभे राहिलो. एक रात्र गेली, दुसरी गेली, हाड नाही की बाण नाही. कुठं फट असेल म्हणून भाच्यानं छत दोनदा उकलून पुन्हा घातलं.

मग त्याच्या धाकट्या बहिणीनं फोन हिसकला, "मी वर जाऊन पाहते." निम्म्यात आल्यावर तिला खाली पाहून भीती वाटली, म्हणून तिनं भिंतीला लागून छोटा ओटा केला आणि तिथंच थांबली. तेवढ्यात आईनं आंबे खायला हाक मारली. फोन चार्जिंगला तसाच ठेवून ती गेली. हात चाटत परत आली, खाली उतरून पेटी उघडली, तर आत हाडं, बाण आणि सडकं मांस!

कारण साधं होतं. आमच्या फोनवर सिम्युलेशन डिस्टन्स, म्हणजे तुमच्याभोवती किती लांबपर्यंत गेम चालू राहतो ते सेटिंग, 4 वर होतं. तेवढ्यात मॉब तुमच्यापासून 24 ते 44 ब्लॉकांच्या पट्ट्यातच जन्मतात. 44 च्या पलीकडं काही नाही. आम्ही खोलीपासून 60 ब्लॉक खाली उभे होतो, पोरगी 30 वर थांबली. तेच डिस्टन्स 6 किंवा जास्त केलं तर पट्टा 128 पर्यंत जातो, जावामध्येही 128च. पण आमचा फोन 6 वर तव्यासारखा तापतो. म्हणून मी 4 वरच ठेवतो, आणि आधी उभं राहायची जागा ठरवून तिथून 30 ब्लॉक मोजूनच खोली बांधतो. आधी टॉवर उभारून मग उभं कुठं राहायचं ते शोधणाऱ्यांनी आमच्या भाच्याला भेटावं.

आता घरातला क्रीपर. 1.18 आवृत्ती 30 नोव्हेंबर 2021 ला आली. त्याआधी उजेड 7 किंवा कमी असला की राक्षस, म्हणजे अंगावर येणारे मॉब, जन्मत. आता टॉर्चसारख्या ब्लॉकचा उजेड पूर्ण 0 लागतो. टॉर्चचा उजेड 14, आणि दर ब्लॉकला तो एकानं उतरतो. इथंच पोट्टे फसतात. त्यांना वाटतं उजेड गोल पसरतो. तो पसरतो शंकरपाळ्यासारखा, कारण कोपऱ्याकडं जाताना आडवे आणि उभे दोन्ही ब्लॉक मोजले जातात. कपाशीची चौफुली लावावी तसे दर चौदाव्या ब्लॉकवर टॉर्च रोवले, तर चार टॉर्चच्या बरोब्बर मध्यात 7 आडवे, 7 उभे, म्हणजे 14 ब्लॉक होतात. उजेड शून्य. सगळं अंगण लख्ख, आणि तो एकच ब्लॉक काळा. क्रीपरला एकच पुरतो. मी 10 वर लावतो. कोळसा जास्त जातो, जाऊ द्या. कोळसा वाचवून घर उडवून घेणारे मी पाहिलेत.

याचीच उलटी बाजू म्हणजे जुने फार्म. खोलीत कुठून तरी 2-3 चा उजेड शिरत असेल, तर आधी चालायचं, आता चालत नाही.

घराचं छत विसरू नका. टॉर्च नको असतील तर अर्ध्या उंचीचे स्लॅब खालच्या अंगानं बसवा, त्यांच्यावर मॉब जन्मत नाहीत. वरच्या अंगानं बसवले तर जन्मतात.

खोलीत डोकावून "आले का?" पाहू नका. 24 ब्लॉकांच्या आत काही जन्मतच नाही. दर मिनिटाला झाकण उघडलं तर भात कसा शिजणार?

जावावाल्यांनी खालच्या गुहा उजळाव्यात. एकट्या खेळाडूभोवती राक्षसांची मर्यादा 70 ची. ते गुहेतच भरले तर फार्मला काय उरणार?

अनुभव, म्हणजे एक्सपी, हवा असेल तर धुराडं 22 ब्लॉकांचं ठेवा. झोंबीचा जीव 20, पडण्याची इजा उंचीतून 3 वजा. 22 वर जीव 1 उरतो, एक बुक्की मारली की झालं. 23 वर तो आपोआप मरतो आणि एक्सपी मिळत नाही.

स्पॉनर, म्हणजे मॉब जन्माला घालणारा ब्लॉक, सापडला की फोडू नका. ब्लॉक जसाच्या तसा उचलायची जादू असते ना, सिल्क टच, तिनंही तो उचलता येत नाही. तुम्ही 16 ब्लॉकांच्या आत असाल तरच तो चालतो, हे मात्र लक्षात ठेवा.

राहिले फँटम, म्हणजे उडणारे राक्षस. रोह्यांपासून तूर वाचवायला आम्ही शेतात जागल करतो, पण खेळात तीन दिवस झोपला नाहीत तर ते आभाळातून अंगावर येतात. पलंगाला तीन लोकर आणि तीन फळ्या लागतात. आमचे पोट्टे हिऱ्याची कुदळ करतात, पलंग करत नाहीत.